आठ आण्यांचा बळी

आमच्या कुर्ल्याच्या घरात भिंतीवर दोन तसबिरी होत्या, एक बाबासाहेबांची आणि १९५६ नंतर लावलेली दुसरी बुद्धाची. खेळाडूची तसबीर असण्याचा प्रश्नच नव्हता. पण रेडिओवर कसोटी सामन्याचे समालोचन लागले आणि कुणी डावखुरा फिरकी गोलंदाज चेंडू टाकू लागला की आजोबा एक नाव घेत आणि लगेच गप्प होत. ते नाव होते 'बाळू'. पुढे विचारले तर म्हणत, "असू दे, चांगला खेळायचा." बस, एवढेच.

त्या गप्प होण्याचे कारण मला फार उशिरा कळले. रीतसर शिक्षण बारावीपर्यंत, पोटासाठी हिशेब लिहिण्याची नोकरी आणि सुटीच्या दिवशी दादरच्या ग्रंथसंग्रहालयात जाऊन जुने चाळत बसण्याचा नाद, अशा माझ्यासारख्या माणसाचे संशोधन म्हणजे एका पुस्तकातल्या एका ओळीवरून दुसरे पुस्तक शोधणे. विठ्ठल पालवणकरांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मकथन आणि रामचंद्र गुहांचा भारतीय क्रिकेटच्या इतिहासावरचा २००२ सालचा ग्रंथ ही माझी दोन मोठी दारे. पण त्या दारांतून आत गेल्यावर मला सारखा एक वेगळाच प्रश्न पडत राहिला. हिशेबनिसाला पडावा तसाच तो होता. बाळू पालवणकरांना खेळण्याचे पैसे कोण देत होते, किती देत होते, आणि नेमके कशाचे देत होते?

त्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. आपण मराठीत बोलताना 'देवधर खेळले' म्हणतो आणि 'बाळू खेळला' म्हणतो. सचिनलाही आपण एकेरीत हाक मारतो, पण ती लाडाने. बाळूंच्या बाबतीतला एकेरीपणा लाडाचा नाही, तो त्यांच्या पहिल्या नोकरीतून चिकटलेला आहे असे मला वाटते. या लेखात मी सगळ्यांनाच आदरार्थी संबोधणार आहे, साहेबांना आणि माळ्यालाही.

माळी हा शब्द मी मुद्दाम वापरला. मुंबईच्या मैदानांवर खेळपट्टीची देखभाल करणाऱ्याला आजही माळीच म्हणतात. बाळूंची सुरुवात तिथे झाली. कुटुंब मूळ कोकणातल्या पालवणचे, जात चांभार. जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. वडील लष्कराच्या चाकरीत असल्याने मुले पुण्यात वाढली. पुण्यातल्या पारशांच्या एका क्रिकेट क्लबात बाळूंना काम मिळाले. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा आणि कधी सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले, तेव्हा पगार ४ रुपये झाला. रोलर फिरवणे, खेळपट्टीच्या रेषा आखणे, जाळी उभारणे आणि टेनिसची कोर्टे आखणे ही तिथली कामे. वय सोळा.

या कामांच्या यादीत 'गोलंदाजी' नव्हती, हे ध्यानात घ्यायला हवे. ट्रॉस नावाच्या एका साहेबांनी त्यांना जाळीत चेंडू टाकायला प्रोत्साहन दिले. बार्टन नावाचे एक कॅप्टन डावखुरी, संथ आणि अजिबात घाई नसलेली गोलंदाजी करीत. त्यांच्याकडे पाहून पाहून बाळूंनी आपली शैली घडवली. दीक्षा कुणी दिली नाही, प्रशिक्षक कुणी नव्हता. जे पाहिले तेवढेच शिक्षण.

मग आले कॅप्टन जे. जी. ग्रेग. लहानखुरे, पायांची हालचाल विलक्षण चपळ असलेले उजवे फलंदाज. युरोपियन संघाचे ते पुढे कितीतरी वर्षे प्रमुख फलंदाज राहिले. (आणि त्याहीनंतर ते लष्कर सोडून रोमन कॅथलिक धर्मगुरू झाले. माणसाच्या आयुष्याची वळणे!) हे ग्रेग बाकीचे सभासद यायच्या तासभर आधी मैदानावर येत आणि बाळूंना गोलंदाजी करायला लावत. आख्यायिका अशी की बाळूंनी बाद केले की ग्रेग दर वेळी आठ आणे देत.

ही आख्यायिका सगळ्यांना आवडते. साहेबांची दिलदारी दिसते, बाळूंचे कौशल्य दिसते. मी मात्र तिचा हिशेब मांडून पाहिला. १६ आण्यांचा रुपया. म्हणजे ८ बळी घेतले की महिन्याचा पूर्ण पगार. बाळूंसारख्या गोलंदाजाला सरावात आठवड्याला दोन बळी मिळणे काही अवघड नव्हते, म्हणजे महिन्याला ४ रुपये वर, पगाराएवढेच. आता याची दुसरी बाजू बघा. ४ रुपये रोलरसाठी ठरलेले होते, चेंडूसाठी नाही. म्हणजे जगातल्या उत्तम गोलंदाजांत ज्यांची गणना व्हावी अशा माणसाच्या गोलंदाजीला ठरलेले मोल शून्य होते. जे मिळायचे ते बक्षीस, आणि तेही फलंदाजाची मर्जी असेल तर. आख्यायिका खरी असो वा नसो, व्यवहाराचा साचा तिने बरोबर पकडला आहे.

आणखी एक. पुण्यातल्या त्या सगळ्या वर्षांत बाळूंच्या हाती बॅट एकदाही दिली गेली नाही. फलंदाजी हा साहेबाचा खेळ, घाम गाळून चेंडू टाकणे हे चाकराचे काम. इंग्लंडमध्येही वाटणी साधारण हीच होती. तिथे हौशी खेळाडूंना 'जंटलमन' म्हणत आणि पगारी खेळाडूंना 'प्लेयर'. हौशींच्या नावाची आद्याक्षरे धावफलकावर आडनावाआधी, पगारींची आडनावानंतर. कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरण्याची फाटके वेगळी. हा भेद १९६२ पर्यंत टिकला. अस्पृश्यता म्हणजे काय हे इंग्रजांना शिकवायला आपण जायची गरज नव्हती. फक्त तिथला पगारी खेळाडू घरी गेल्यावर बाटलेला राहत नसे.

पगारी खेळाडूंचा इतिहास शोधताना मी भरकटत थेट अमेरिकेत बेसबॉलपर्यंत पोचलो, आणि तिथे मला बाळूंचे जुळे भाऊ भेटले. १८६९ साली सिनसिनाटी शहराचा 'रेड स्टॉकिंग्ज' हा बेसबॉलमधला पहिला उघड उघड पगारी संघ उभा राहिला. तो उभारणारे हॅरी राइट मुळात क्रिकेटच्या घरातले. जन्म इंग्लंडमधल्या शेफील्डचा. वडील सॅम्युएल न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबात पगारी नोकर होते. मैदान राखायचे आणि सभासदांना चेंडू टाकायचे, हेच त्यांचे काम. मुलगाही तिथेच वडिलांच्या हाताखाली लागला. म्हणजे राइट आणि बाळू दोघांचीही सुरुवात एकाच हुद्द्यावर झाली. पण १८६९ च्या हंगामात हॅरी राइट यांचा पगार होता १२०० डॉलर, आणि त्यांचे धाकटे भाऊ जॉर्ज, जे संघातले सर्वोत्तम खेळाडू, त्यांचा १४००. रोलरचे वेगळे, खेळाचे वेगळे असे नाही. करार खेळाचाच. आणि हॅरी संघाचे कर्णधारही होते. माळ्याचा मुलगा कर्णधार व्हायला तिथे एक पिढी पुरली. अर्थात तो मुलगा गोरा होता म्हणून. १८८४ साली टोलीडोच्या संघातून खेळलेले मोझेस फ्लीटवुड वॉकर काळे होते. त्यांच्यानंतर लवकरच मोठ्या स्पर्धांची दारे काळ्यांना बंद झाली आणि जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत, म्हणजे १९४७ पर्यंत, ती बंदच राहिली.

आपल्याकडे दार बंद नव्हते, हे विशेष. ते किलकिले होते, आणि आत येणाऱ्याला दर पावलाला त्याची आठवण करून दिली जायची. पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते. बाळूंना घ्यायचे की नाही यावर वाद झाला. तेलुगू सभासद अनुकूल होते, ब्राह्मण सभासद नाराज. ग्रेग यांनी वर्तमानपत्रातून सुनावले की अशा गोलंदाजाला मुकणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. बाळू संघात आले. मैदानावर सगळ्यांनी एकच चेंडू हाताळला. पण चहाच्या वेळी बाकीचे मंडपात बसत, आणि बाळूंना बाहेर, फेकून देता येईल अशा मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे. तोंड धुवायचे तर मैदानाच्या कोपऱ्यात, तेही अस्पृश्य नोकराने वरून पाणी ओतल्यावर.

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी झालेल्या सामन्याची कथा प्रसिद्ध आहे. बाळूंची गोलंदाजी बोथट व्हावी म्हणून तिथल्या माळ्याला आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवायला लावले होते. बाळूंनी ७ बळी घेतले. मला या कथेत साताऱ्याचा तो माळी दिसतो. आठवडाभर ज्याच्या विरोधात त्याने रोलर ओढला, तो त्याच्याच धंद्यातला माणूस होता. रोलर ओढून खेळपट्टी कुठे दबते आणि कुठे नाही हे ज्याला हाताने ठाऊक, त्याला रोलरने रोखायला निघाले होते साहेब. सामन्यानंतर न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीरपणे म्हटल्याचे नमूद आहे, की ज्यांच्याबरोबर खेळता त्यांच्याबरोबर खाण्यापिण्याला कसली हरकत?

१८९६ च्या सुमारास, प्लेगच्या दिवसांत, बाळू मुंबईला आले. आधी लष्करात काही काळ, मग बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत. खेळायचे रेल्वेच्या संघातून आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून. मुंबईच्या खेळाचा जो साचा पुढे शंभर वर्षे चालला, नोकरी कंपनीची आणि हजेरी मैदानावर, तो इथे दिसतो. पुढे गिरण्यांनी, बँकांनी, रेल्वेने तेच केले. माझे वडील एका गिरणीच्या संघातून कबड्डी खेळत. नोकरी खेळामुळे लागली. हजेरीपत्रकावर मात्र ते साचेवालेच होते. गुडघा गेला तेव्हा गिरणीने सांगितले, खेळ हा तुमचा खासगी मामला, कामावरची दुखापत नव्हे. कागद त्यांच्याच बाजूने होता. म्हणून मला खेळाडूचा पगार कुठल्या खात्यात लिहिला जातो याचे इतके कुतूहल.

हिंदू जिमखान्यातही कुरकुर झाली, पण मुंबई पुण्यापेक्षा लवकर वाकली. इथे बाळू संघाबरोबर एका पंगतीला बसू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू विरुद्ध युरोपियन असा पहिला मोठा सामना झाला. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. हिंदूंनी १०९ धावांनी सामना जिंकला. संघात बाळू होते आणि त्यांचे बंधू शिवरामही. नटराजन यांच्या 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारक साप्ताहिकाने चांभार भावांना जिमखान्यात घेतल्याबद्दल हिंदूंची पाठ थोपटली. बाळूंचे वय तेव्हा तीस. म्हणजे ज्या वयात गोलंदाजाचे खांदे उतरणीला लागतात, त्या वयात त्यांच्या प्रथम श्रेणीच्या आकड्यांची सुरुवात होते. त्याआधीची दहा-बारा वर्षे जाळीत गेली, ती कुठल्याच धावफलकावर नाहीत.

तरी आकडे पाहा. १९०५-०६ ते १९२०-२१ या काळात प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. एका डावात पाच किंवा अधिक बळी १७ वेळा. आणि ज्यांना पुण्यात बॅट धरू दिली नाही त्यांच्या धावा ७५३, सर्वाधिक ७५.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. महाराज थोडेच सामने खेळले, बाकी वेळ दरबारी भेटीगाठींत गेला. संघ २३ पैकी ६ सामने जिंकला, १५ हरला. या पडझडीत बाळूंनी सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८. पस्तिशीचा माणूस, परकी हवा, दुसऱ्या टोकाकडून फारशी मदत नाही. त्यांना 'भारताचे रोड्स' म्हणत. यॉर्कशायरचे विल्फ्रेड रोड्स हे डावखुरे फिरकी गोलंदाज, आणि तेही पगारीच. फरक एवढाच की रोड्स यांच्या पगाराच्या नोंदीत 'क्रिकेट' असे लिहिलेले असे.

मुंबईत परतल्यावर दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असलेल्या भीमराव आंबेडकरांनी लिहिले, असे बाबासाहेबांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. आजोबांच्या गप्प होण्याची एक बाजू मला तिथे सापडली. दुसरी पुढे होती.

कर्णधारपदाची हकीकत मी थोडक्यात सांगतो, कारण ती आता बऱ्यापैकी ठाऊक झाली आहे. बाळू हिंदू संघाचे कर्णधार कधीही झाले नाहीत. १९१३ साली मुकुंदराव पै यांनी आपल्याच सत्कारात सांगितले की हा मान माझे ज्येष्ठ आणि अनुभवी मित्र बाळू यांना मिळायला हवा होता. त्या सुमारास बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल असे चारही भाऊ संघात खेळत. १९२० च्या चौरंगी सामन्यांत बाळूंना वगळले आणि पै आजारी असल्याने नेतृत्व विठ्ठलांना डावलून देवधरांकडे दिले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपले म्हणणे जाहीरपणे छापले. गाजावाजा झाला. अंतिम सामन्यासाठी पै परतले, बाळूंना उपकर्णधार म्हणून बोलावले गेले, भाऊ परत आले. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ संघ बाळूंच्या हाती राहिला. वय ४४. पुढे १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू जिंकले.

हे सारे जातीमुळे झाले, यात शंका नाही. पण केवळ 'चांभार होते म्हणून' असे म्हणून थांबले की मला काहीतरी सुटल्यासारखे वाटते. विठ्ठल हेही चांभारच होते. मात्र ते कधी रोलर ओढणारे नव्हते. ते शाळेत शिकले आणि प्रामुख्याने फलंदाज होते. बाळूंना मैदानावर ज्यांनी प्रथम पाहिले त्यांनी खराटा हातात असलेला मुलगा पाहिला होता. जात आणि चाकरी या दोन गाठी एकमेकींत अडकल्या होत्या, आणि त्यांतली एक सुटायला एक धाकटा भाऊ लागला. माझे हे मत काही मित्रांना पटत नाही. त्यांच्या मते मी जातीचा दोष सौम्य करतो. मला तसे वाटत नाही. चाकरीही जातीनेच दिली होती.

आता दुसरी बाजू. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींचे उपोषण चालू असताना पुणे करार झाला. त्यावर बाबासाहेबांची सही आहे आणि पी. बाळू यांचीही. पण दोघे टेबलाच्या एका बाजूला नव्हते. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर बाळू एम. सी. राजा यांच्यासारख्या नेत्यांबरोबर संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने होते. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने भायखळा-परळ भागातून बाबासाहेबांविरुद्ध बाळूंना उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. अंतर २,०२० चे.

कुर्ला तेव्हा मुंबई शहरात नव्हते आणि आजोबाही अजून कुर्ल्यात आले नव्हते. ते परळच्या चाळीत राहत. त्या निवडणुकीत ते बाबासाहेबांचा प्रचार करीत जिने चढत-उतरत होते, एवढे आजी सांगायची. प्रचारात समोरच्या उमेदवाराबद्दल काय काय बोलले गेले असेल याची कल्पना करता येते. काँग्रेसने बाळूंचा वापर केला असे आमच्याकडे सरसकट म्हटले जाते. मला ते अर्धेच मान्य आहे. साठीच्या माणसाला, ज्याने ग्रेगसाहेबांपुढे तासन्‌तास चेंडू टाकले आणि हिंदू जिमखान्याच्या पंगतीत हळूहळू जागा मिळवली, त्याला वाटणारच की दार किलकिले करत करत उघडते. तेच त्याच्या आयुष्याने त्याला शिकवले होते. बाबासाहेबांना महाडच्या तळ्याने आणि काळाराम मंदिराच्या दाराने वेगळे शिकवले. राजकारणात बाबासाहेब बरोबर होते, असे मी मानतो. पण बाळूंना कुणी फूस लावली असे म्हणणे म्हणजे पुन्हा त्यांना ४ रुपयांवर आणून ठेवणे.

४ जुलै १९५५ रोजी बाळू मुंबईत वारले.

मध्यंतरी कामानिमित्त चर्नी रोडला गेलो होतो. मरीन लाइन्सच्या बाजूला गाडी हळू झाली की समुद्राच्या बाजूने जिमखान्यांची मैदाने दिसतात, त्यांत हिंदू जिमखानाही. ज्या रेल्वेने बाळूंना पगार दिला तिचीच ही लाइन, नाव तेवढे १९५१ साली पश्चिम रेल्वे झाले. खिडकीतून पाहिले तर एक माणूस अनवाणी रोलर ओढत होता, एकटाच.

आजोबा जायच्या आधीच्या वर्षी मी त्यांना सरळ विचारले होते, "तुम्ही बाळूंचा खेळ स्वतः पाहिला होता का?" ते म्हणाले, "एकदाच. मी पोरगा होतो. मैदानाबाहेरच्या झाडावर चढून बसलो होतो. तो चेंडू टाकायचा आणि वाटायचं काहीच होत नाहीये. मग साहेब माघारी वळून चालायला लागायचा, तेव्हा कळायचं, गेला."

मग थोडे थांबून म्हणाले, "त्यांच्याविरुद्ध मी घरोघर हिंडलो. ते बरोबरच केलं. पण जिना चढताना एकदा दार कुणी उघडलं, आत भिंतीवर त्यांचा फोटो होता, पांढऱ्या कपड्यांतला. मी पत्रक न देताच खाली आलो."